परक्या भाषेचे खिळे

नॉर्वे देश नकाशात नेमका कुठे आहे हे मला अजून धड सांगता येत नाही. पण तिथली पोरं आगपेटीला काय म्हणतात, तो शब्द कुठे तोडायचा आणि तोडलेल्या तुकड्यांपैकी कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. या विद्येचा मला आयुष्यात काडीचा उपयोग झाला नाही. नुकसान मात्र झालं, आणि तेही माझं कमी, माझ्या बहिणीचं जास्त. शिकलेलं कधी वाया जात नाही म्हणणाऱ्यांना एकदा माझ्यापुढे आणून बसवा.

तेव्हा मी सांगलीत एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, कीर्तनाच्या जाहिराती, असला माल. एक पायानं चालवायचं मशीन, मराठी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, आठ-दहा केसी आणि इंग्रजी खिळ्यांच्या दोन. आमच्या धंद्यात चांगला कंपोझिटर तो, जो मजकुरात डोकं घालत नाही. समोर जे लिहिलंय ते जसंच्या तसं जुळवायचं, मक्षिकास्थाने मक्षिका. कागदावर माशी चिकटलेली असेल तर तीही छापायची. मालक म्हणायचे, "अर्थ गिऱ्हाइकाचा, अक्षर आपलं." मला ते पटलं होतं आणि मी त्यात पटाईत होतो. ही सवय पुढे कशी अंगाशी येणार होती हे कळलं असतं, तर तेव्हाच खिळे टाकून नांगर धरला असता.

मिरजेच्या एका दवाखान्यात एक गोरा डॉक्टर होता, नॉर्वेचा. त्याच्या बायकोला आम्ही सगळे मडम म्हणत असू. युद्धात त्यांचा देश जर्मनांनी घेतला होता, त्यामुळे तिकडून पत्र येत नव्हतं तिथे पुस्तकं कुठून यायची? त्यांचा एक मुलगा आणि एक मुलगी वाचायच्या वयाची झाली होती, आणि त्यांच्याच देशाची आणखी काही कुटुंबं हिंदुस्थानात इकडेतिकडे अडकून पडली होती. त्या पोरांसाठी बाईंनी स्वतः एक वाचनपाठाचं पुस्तक लिहिलं आणि ते छापायला त्या आमच्याकडे आल्या. मोठ्या छापखान्यांनी एवढ्या थोड्या प्रतींचं काम नको म्हटलं असावं. आमच्या मालकांनी 'हो' म्हटलं, कारण 'नाही' म्हणायला त्यांना कधी जमलंच नाही.

पुस्तक सगळं जोडशब्दांचं होतं. त्या भाषेत दोन-दोन, तीन-तीन शब्द एकमेकांना मालगाडीच्या डब्यांसारखे जोडतात आणि मध्ये जागा सोडत नाहीत. लोखंड, वाट आणि स्टेशन असे तीन शब्द चिकटवले की झालं रेल्वे स्टेशन. आजारी आणि घर मिळून दवाखाना. असा लांबलचक शब्द पाहून पोरं बिचकतात, म्हणून बाईंनी प्रत्येक शब्द आडव्या रेघांनी तोडून दाखवला होता आणि ज्या तुकड्यावर आवाज चढतो त्याच्या आधी एक उभा फराटा दिला होता. दुसऱ्या शब्दाच्या तोंडाशी आणखी एक बारीक फराटा, कारण तिथे अर्धा जोर.

पहिल्या प्रूफात मी घाण केली. ओळ संपली तिथे मला वाटलं तसा शब्द तोडला. आगपेटीचा शब्द 'फ्यूर-स्टिक-एस्के'. फ्यूर म्हणजे आग, स्टिक म्हणजे काडी, एस्के म्हणजे पेटी. मी तो 'फ्यूर्स-टिकेस-के' असा केला होता. बाईंनी लाल पेन्सिलीनं पान रंगवून काढलं आणि स्टुलावर बसून मला आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं, "आधी सांधा पाहा. दोन शब्द कुठे भेटतात, तिथे कापा. मग आतले तुकडे." आणि जोर? त्या टेबलावर पेन्सिल आपटायच्या. पहिला ठोका मोठा, पुढचे हलके, मग एक मधला. मला काही केल्या ऐकू येईना. आपण मराठीत सगळी अक्षरं एका रांगेत बसवतो, पंगतीत बसवल्यासारखी. एकाला तूप जास्त वाढायची आपली रीत नाही.

पण मला त्यात गोडी लागली, हे खोटं कशाला सांगू? त्या भाषेत 'ए'च्या डोक्यावर एक बारीक गोळा येतो. तो आमच्याकडे कुठला असायला? मी खिळ्याचं डोकं कानशीनं घासून त्यावर अंशाची खूण बसवली. दोन दिवस त्यातच गेले. 'ओ'च्या पोटातली तिरकी रेघ छापल्यावर बाई स्वतः टाकानं मारणार होत्या. आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला अर्थ विचारला. बाईंना काय आनंद झाला! त्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगू लागल्या आणि मी प्रूफाच्या कडेला पेन्सिलीनं मराठीत लिहून घेऊ लागलो. मालकांचं सांगणं मोडलं ते तिथे.

शनिवारी मी भिलवडी स्टेशनावर उतरून चालत गावी जात असे. गाव पलूसच्या अलीकडे, तेव्हा सातारा जिल्ह्यात. वडील पलटणीत होते, तिकडेच गेले. घरी आई आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण. ऊस चुलत्यांकडे वाट्यानं दिलेला. मी प्रूफं घरी न्यायचो आणि बहिणीला शब्द वाचून दाखवायचो. ती उखळात मिरच्या कांडत असायची. मी म्हणायचो, जोर कुठं येतो सांग. ती शिंकत शिंकत हसायची आणि मोठ्या तुकड्यावर मुसळ जोरात आदळायची. फ्यूर! मग स्टिक हळू, एस्के मध्यम. मला महिन्याभरात जे आलं नाही ते तिला दोन शनिवारांत आलं.

"दादा, ही मानसं बोलत्यात का कांडत्यात रं?" ती विचारायची.

चौथीपर्यंत शिकली होती आणि पुढे शिकायची तिला फार हौस होती. तिचं लग्न ठरलं होतं ते याचसाठी महत्त्वाचं. शेजारच्या गावातलं बागायती घर, मुलगा मॅट्रिक झालेला. सुपारी फुटली त्या दिवशी त्यानं निरोप पाठवला होता की लग्नानंतर तिला घरी शिकवीन, सातवीच्या परीक्षेला बसवीन. असा निरोप आमच्या पंचक्रोशीत कुठल्या नवऱ्यानं पाठवला नसेल. बहिणीनं तो मला तीनदा सांगायला लावला. तिचं सगळं आयुष्य त्या एका निरोपावर उभं होतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

त्या मुलाचा थोरला भाऊ भूमिगत होता. बेचाळीसची चळवळ आमच्या भागात मिटलीच नव्हती. दिवसा सरकार इंग्रजांचं आणि बाकी वेळ कुणाचं ते ज्याचं त्याला माहीत. तो भाऊ त्यांच्याच उसातल्या एका खोपीत लपला होता. मला हे माहीत होतं, कारण एकदा मीच त्या मुलाबरोबर तिथं भाकरी पोचवली होती.

एका रविवारी सकाळी पोलिसांची पार्टी गावात शिरली. दहा-बारा दिवसांपूर्वी पुढच्या एका स्टेशनाला कुणीतरी आग लावली होती. घरोघर झडती झाली. माझ्या पिशवीत काय सापडलं? धड इंग्रजी नाही, मराठी नाही, अशा भाषेचे कागद. प्रत्येक शब्द रेघांनी तोडलेला, मध्ये मध्ये उभे फराटे, डोक्यावर गोळे. फौजदाराचे डोळे लकाकले, आणि त्यानं मला पिशवीसकट चावडीत नेलं.

"ही कुठली भाषा?"

"नॉर्वेची, साहेब. पोरांचं वाचनाचं पुस्तक आहे."

"आणि हे फराटे?"

"जोर, साहेब. तिथं जोर द्यायचा."

"कशावर जोर द्यायचा?" असं म्हणून त्यानं कडेचं माझं अक्षर वाचायला घेतलं. माझं अक्षर सुरेख आहे. मोठ्यानं वाचलं त्यानं, चावडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं. पहिला शब्द, रेल्वे स्टेशन. दुसरा शब्द, आगपेटी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. अर्थ गिऱ्हाइकाचा ठेवला असता तर नुसत्या रेघा सापडल्या असत्या.

तीन दिवस त्यांनी मला ठेवलं. तळपायावर छड्या मारल्या. स्टेशन कुणी जाळलं, कागद कुणी दिले, गावातलं कोण कुठं लपलंय, हे तीन प्रश्न फिरवून फिरवून. मी शूर माणूस नाही. पहिल्या दिवशीच रडलो. पण ती खोप माझ्या तोंडून निघाली नाही. का नाही निघाली, याचं उत्तर देशप्रेम असं दिलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. खरं उत्तर असं की प्रत्येक छडीला मला बहिणीचं लग्न दिसत होतं. मी त्यांना एवढंच सांगत राहिलो की स्टेशन म्हणजे स्टेशन आणि आगपेटी म्हणजे आगपेटी, पोरांच्या पुस्तकातली. माझ्याबरोबर गावातले आणखी दोघे धरले होते. त्यांनाही तेवढाच मार बसला.

चौथ्या दिवशी मडम आल्या. मालकांनी त्यांना कळवलं होतं. दवाखान्याची मोटार चावडीपुढे थांबली तेव्हा निम्मं गाव गोळा झालं. बाईंनी फौजदारापुढे हस्तलिखिताची वही ठेवली आणि टेबलावर पेन्सिल आपटत पानभर शब्द वाचून दाखवले, त्या आपल्या पोरांना शिकवत तसे. फौजदार हसला, शिपाई हसले. पोरंही हसली. मग बाईंनी माझे पाय पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करते म्हणाल्या. फौजदार म्हणाला, न्या. मला दोन पावलं टाकता येत नव्हती. त्यांनी हात धरून मला मोटारीत आपल्या शेजारी बसवलं, आणि सगळ्या गावादेखत ती मोटार मिरजेच्या रस्त्याला लागली. बाकीचे दोघे चावडीतच राहिले.

बाई देवमाणूस होत्या, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्यांनी त्या दिवशी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी पोलिसांनी ती खोप वेढली आणि थोरल्या भावाला धरून नेलं. मी सुटलो आणि लगेच तो धरला गेला, गावानं सांधा जोडला.

मी आठवड्यानं काठी टेकत गावी आलो. देवळापुढच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. मी बसलो. चंची फिरत होती, तंबाखू, चुना, एकाकडून दुसऱ्याकडे. माझ्या अलीकडच्यानं ती माझ्यावरून पलीकडे दिली. आमच्याकडे माणसाला वाळीत टाकायला पंचायत बोलवावी लागत नाही, एवढं पुरतं.

मी त्याच दिवशी मुलाच्या वडिलांकडे गेलो. म्हटलं, "आवं, माझ्या तोंडातून तुमच्या खोपीचं नाव निघालं न्हाई. मी बेलभंडार उचलतो." आमच्या भागात खंडोबापुढे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर कुणी पुन्हा तोंड उघडत नाही. म्हातारा विचार करून म्हणाला, "उचल. समद्यांच्या म्होरं उचल."

रविवारी देवळात दोन्ही गावं जमली. आई आली होती. बहीण दाराबाहेर बायकांत उभी होती, मला तिचं डोकं तेवढं दिसत होतं. गुरवानं माझ्या ओंजळीत बेल आणि भंडारा ठेवला आणि शपथ सांगितली, ती जशीच्या तशी मागून म्हणायची: "पोलिसांपुढं मी एक शब्दबी बोललो न्हाई."

आणि मी थांबलो.

एक शब्दबी? दोन शब्द तर मी बोललो होतो. स्टेशन आणि आगपेटी. मी रडलो होतो, बाईंचं नाव सांगितलं होतं, मालकांचं सांगितलं होतं. हातात देवाचा भंडारा, आणि समोरचा मजकूर चुकीचा. बारा वर्षं मी समोर असेल तेच जुळवलं होतं, आणि घडलं त्याहून एक अक्षरही वेगळं मला म्हणवेना. दुसरा कुणीही असता तर बिनदिक्कत म्हणून मोकळा झाला असता, आणि खंडोबानंही समजून घेतलं असतं. मी गुरवाला म्हणालो, "असं नको. 'खोपीविषयी एक शब्दबी बोललो न्हाई' असं म्हणतो."

देवळात कुजबुज उठली. मग कुणीतरी मागून म्हणालं, "बघा, थांबला का न्हाई? अंगात पाप हाय म्हनून थांबला."

मी माझी शपथ म्हटली, मोठ्यानं म्हटली, दोनदा म्हटली. कोण ऐकतंय? म्हातारा उठून उभा राहिला. "लय शिकलाईस गड्या," म्हणाला, "देवापुढंबी शबुद तोडून बघतूस." आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी मध्यस्थ सुपारीचं लुगडं परत मागायला आला. तो मॅट्रिक झालेला मुलगा आलाच नाही. त्याचा निरोपही नाही.

आता माझी करणी सांगतो. गावानं केलं ते केलं, गावाचं तोंड कोण धरणार? पण पुढचं मी केलं. लग्न मोडलेली बहीण घरात म्हणजे माझ्यावरच्या आरोपाची रोजची दवंडी, असं मला वाटू लागलं. कुणी तिच्याकडे पाहिलं की मला वाटायचं, मलाच पाहतायत. महिन्याभरात मी जतच्या बाजूचं एक स्थळ आणलं. बिजवर, दोन पोरं, कोरडवाहू माळ, पाणी मैलावर. लांब होतं, आमची बातमी तिथवर पोचली नव्हती, आणि मला तेवढंच हवं होतं. आई म्हणाली, "जरा दमानं घे. पोरीला इचार तरी." मी म्हटलं, तिला काय कळतं? बहिणीनं मान खाली घालून हळद लावून घेतली. मी छापखान्यात परत गेलो आणि पुस्तकाची राहिलेली पानं जुळवली. एकही चूक नव्हती. बाईंनी फार कौतुक केलं.

युद्ध संपलं, बाई आपल्या देशी गेल्या. स्वराज्य आलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी म्हातारा आमच्या दारात उभा. थोरला मुलगा सुटून आला होता आणि पोलिसांना खोप कुणी दाखवली ते उघड झालं होतं: त्यांचाच चुलत पुतण्या, बांधाच्या भांडणावरून. म्हातारा माझ्या पायांशी वाकायला लागला. मी त्याला धरलं. "चुकलं माजं," तो म्हणाला, "समद्या गावाम्होरं सांगतो, तू सोनं हायेस." आणि खरंच त्यानं देवळात सगळ्यांसमोर सांगितलं. चंची माझ्यापुढे आली. मी तंबाखू चोळली. खाल्ली. पाच वर्षांचा राग त्या चिमटीत विरघळला, याची आज लाज वाटते.

मला बहिणीला कधी सांगेन असं झालं. जतपर्यंत मोटारीनं गेलो, तिथून पुढे पायी. ती दोन घागरी घेऊन चढ चढत होती. केस पांढरे व्हायला लागले होते, आणि वय तरी काय, पंचवीसही नसेल. सवतीचा पोरगा तिला अव्वा, तिकडच्या कानडीत आई, म्हणत मागून येत होता. मी वाटेतच सगळं सांगितलं. पुतण्याचं सांगितलं. म्हातारा पायांशी कसा वाकला, देवळात काय म्हणाला, सगळे कसे गप्प झाले, तेही सांगितलं. माझा आवाज भरून आला होता.

तिनं घागरी ओट्यावर ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं.

"बरं झालं दादा. तुजं नाव धुवून निघालं."

"व्हय. त्यांनी माफी मागितली."

"तुजी मागितली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "माजी कुनी मागितली? ते म्हाताऱ्याचं सोड, त्यो परका. तू आज पाच वर्सांनी आलाईस, दोन घटका झाल्या बोलतूयास. तू तरी मागितलीस?"

मी तोंड उघडलं. ती थांबली नाही. पोराच्या हातात तांब्या देऊन चूल पेटवायला आत गेली.